सोडियम आणि एमआरआय: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा
कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘सोडियम घसरलं तर एका दिवसात भरून काढा, एमआरआय नॉर्मल आला की मेंदू सुरक्षित.’ दोन्ही चूक.

रक्तात बरेच दिवस कमी असलेलं सोडियम झपाट्यानं वाढलं, तर मज्जातंतूंवरचं आवरण नष्ट होऊ शकतं, विशेषतः मेंदूच्या देठातल्या पॉन्समध्ये. म्हणून जास्त धोक्याच्या रुग्णात 24 तासांत लिटरमागे साधारण 8 मिलिमोलपेक्षा (सोडियम मोजायचं एकक) जास्त वाढ होऊ देत नाहीत. झटके येत असतील तर सुरुवातीची थोडी वाढ तातडीनं करावीच लागते, पण ती दवाखान्यातच, वारंवार रक्त तपासत.

अशी इजा झाली तर एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या प्रतिमेत पॉन्सच्या मधोमध पांढरा डाग दिसतो, पॉन्सच्या कडा बहुधा शाबूत. तो उमटायला एक-दोन आठवडेही लागतात. सीटी स्कॅनमध्ये सहज निसटतो. सोडियम सुधारल्यावर काही दिवसांनी जीभ अडखळली, घास गिळवेना, हातपाय लुळे पडले, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका. रुग्णाला लगेच दवाखान्यात न्या; एमआरआय पुन्हा करावा लागू शकतो.