पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेचा विमानप्रवास लवकर संपतो?

विमानप्रवासाविषयीचा एक संदेश सध्या पुन्हा फिरतो आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्याने पश्चिमेला निघालेल्या विमानासमोर मुक्कामाचे शहर आपण होऊन चालत यायला हवे. नकाशावर दिसणारा कमानदार मार्ग हा मुद्दाम घेतलेला वळसा आहे. आणि अंतराला वेगाने भागले की वेळापत्रकातली लबाडी, म्हणजे मुद्दाम फुगवलेली छापील वेळ, उघडी पडते, असे तीन दावे त्यात आहेत.

पहिला दावा त्याच्याच हिशेबाने तपासू. लंडनच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,०४० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. संदेश खरा असता, तर ताशी ९०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला न्यूयॉर्कहून लंडन कधीच गाठता आले नसते, कारण लंडन त्याच्या पुढे पळतच राहिले असते. प्रत्यक्षात हाच प्रवास सुमारे सात तासांचा आहे आणि उलट, पश्चिमेकडचा, सुमारे आठ तासांचा. धावपट्टीवर उभे असलेले विमान आणि त्याच्याभोवतीची हवा ही दोन्ही जमिनीबरोबर आधीपासूनच फिरत असतात. म्हणून तासभर एका जागी तरंगलेले हेलिकॉप्टर खाली उतरते ते त्याच हेलिपॅडवर.

फरक पडतो तो साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्यामुळे. न्यूयॉर्क-लंडन अंतर ५,५५० किलोमीटर, विमानाचा वेग तोच ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर पूर्वेकडे जाताना ५ तास ३३ मिनिटे लागतात आणि पश्चिमेकडे ६ तास ५६ मिनिटे. (वारा नसता तर दोन्ही वेळा ६ तास १० मिनिटे, म्हणजे पूर्वेकडे जाताना मिळवलेल्या वेळेने पश्चिमेकडचा तोटा पुरता भरून निघत नाही, उलट नऊ मिनिटे वरून जातात.) फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या पाठबळावर एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. गंमत अशी, की झोतवाऱ्याला पूर्वेची दिशा मिळते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळेच. संदेशकर्त्याने कारण जवळचे पकडले, परिणाम मात्र नेमका उलटा सांगितला.

वळशाचा आरोप पृथ्वीगोलावर दोरा ताणला की निकालात निघतो. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूंना असलेली दोन ठिकाणे घ्या: अक्षवृत्ताच्या ‘सरळ’ रेषेने त्यांच्यातले अंतर सुमारे १०,००० किलोमीटर भरते आणि ध्रुवावरून सुमारे ६,७०० किलोमीटर. कमान दिसते ती सपाट नकाशामुळे.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न. उशीर दिसू नये म्हणून विमान कंपन्या छापील वेळेत थोडी सैल जागा ठेवतात, हे मान्य केले पाहिजे. शिवाय छापील वेळ एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंतची असते. तिच्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण आणि उतरण, म्हणजे पूर्ण वेग नसलेला सगळा काळ, मोजला जातो. पण वेळ निव्वळ लबाडीनेच वाढवला असता, तर तो दोन्ही दिशांना सारखाच वाढला असता. येथे परतीच्या तिकिटावर तासाभराचा फरक उघड छापलेला असतो.