डक्ट साफ करून घ्यायचा की नाही, हे जाळी उघडून ठरवा

पाऊस संपून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डक्ट, म्हणजे एसीची हवा खोल्यांत नेणारी नळी, साफ करून देण्याची एक जाहिरात फिरायला लागते. एका बाजूला काळ्याकुट्ट, केसाळ धुळीने भरलेला एसीचा डक्ट, दुसऱ्या बाजूला चकचकीत पत्र्याचा डक्ट, आणि खाली दिवाळीआधी बुकिंग केलं तर सवलत. दर प्रति ग्रिल, म्हणजे खोलीत दिसणाऱ्या हवेच्या प्रत्येक जाळीमागे. फोटो कुठल्या घरातला, कुठल्या देशातला, काही पत्ता नसतो. पण त्याखाली लगेच मेसेज पडायला लागतात. 'आमच्याकडे चार वर्षं झाली, करून घ्यायला हवं का?' 'बाबांचा खोकला जात नाहीये, त्यामुळेच असेल का?'

या प्रश्नांमागची काळजी खरी आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. डक्ट साफ करून घ्यायची वेळ येते, काही घरांत तर तातडीने येते. पण ती वेळ कॅलेंडर सांगत नाही, जाहिरातीतला फोटो तर नाहीच नाही. ती तुमच्याच घरातल्या जाळीच्या मागे दिसते. तिथे न डोकावता कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका, आणि तिथे काही भलतं दिसलं तर एक दिवसही टाळाटाळ करू नका.

आपल्यापैकी बऱ्याच जणांसाठी हे सगळं नवीन आहे. चाळीत वारा खिडकीतून यायचा आणि गॅलरीतून जायचा. पुढे विंडो एसी आला, मग स्प्लिट आला, त्याची जाळी आपण नळाखाली धुतो. आता परळ, लालबाग, शिवडी, प्रभादेवीला जिथे गिरण्या आणि चाळी होत्या तिथे टॉवर उभे आहेत. तिथल्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगच्या वर एक डक्टेबल युनिट बसवलेलं असतं आणि खोलीत नुसत्या लांबट जाळ्या दिसतात. वर नक्की काय आहे हे घरातल्या कुणीच पाहिलेलं नसतं, कारण पोझेशन घेतलं आणि इंटिरिअरवाल्याने सगळं झाकून दिलं. जे पाहिलेलं नाही त्याची भीती घालणं सोपं असतं.

तर आधी वर काय असतं ते समजून घेऊ. युनिटमध्ये पंखा म्हणजे ब्लोअर, थंड कॉइल, कॉइलखाली पाणी झेलणारा ट्रे आणि त्या ट्रेमधून बाहेर जाणारा ड्रेन पाइप. थंड हवा पत्र्याच्या किंवा मऊ, घडीच्या लवचिक डक्टमधून खोल्यांत येते. आता महत्त्वाची गोष्ट. मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटमध्ये हवा परत जायला वेगळा डक्टच नसतो. खोलीतली हवा परतीच्या जाळीतून थेट फॉल्स सीलिंगच्या पोकळीत जाते आणि तिथून युनिट ती ओढून घेतं. म्हणजे त्या पोकळीत जे काही पडलेलं आहे, त्यावरून फिरूनच हवा येते. असं असताना कुणी फक्त थंड हवेचे डक्ट झाडून गेलं आणि पोकळी, ब्लोअर, कॉइल तसंच ठेवलं, तर पैसे पाण्यात. धूळ परत तिथेच यायची.

आणि मुंबईत धुळीपेक्षा जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे ओल. हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे. पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू साधारण २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड कुठल्याही वस्तूला ही हवा लागली की तिच्यावर पाणी जमतं. डक्टमधली हवा असते १२ ते १५ अंशांची. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा पत्र्याला घाम फुटतो. तो फुटू नये म्हणून डक्टवर काळ्या रबरासारखं इन्सुलेशन लावलेलं असतं. ते एखाद्या सांध्यावर फाटलं, किंवा सुताराने वर चढून सरकवलं, की तिथे पाणी ठिबकतं, पीओपीवर पिवळसर डाग उमटतो आणि ओल्या धुळीवर बुरशी धरते. ओलं सामान एक-दोन दिवसांत कोरडं झालं नाही की बुरशीला तेवढं पुरतं. नुसत्या कोरड्या धुळीचा पातळ थर पत्र्याला चिकटून बसून राहतो, तो सहसा खोलीत येतही नाही. ओल लागलेली धूळ हे मात्र वेगळं प्रकरण आहे.

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या दिरांच्या परळच्या घरी हा प्रकार जवळून पाहिला. एसी लावला की वहिनींना शिंका आणि नाकातून पाणी, गावाला गेल्या की काही नाही. एका एजन्सीने फोनवरच सगळ्या ग्रिलचं कोटेशन पाठवलं, घर न बघता. मी म्हटलं, आधी जाळी उतरवू. मेन स्विच बंद केला, चार स्क्रू काढले, पुतण्याने मोबाइलचा टॉर्च लावून हात आत घातला आणि व्हिडिओ काढला. हॉलच्या डक्टमध्ये तळाला पीओपीची पांढरी भुकटी थापून बसली होती, त्यात लाकडाचा भुसा, लॅमिनेटचे कपटे, दोन स्क्रू आणि गुटख्याचं एक फाटकं पाकीट. इंटिरिअरचं काम चालू असताना डक्टची तोंडं कुणी झाकलीच नव्हती. पुढच्या सांध्यापाशी इन्सुलेशन लोंबत होतं आणि तेवढ्याच भागात भुकटी करडी, ओलसर, ठिपक्याठिपक्यांची झाली होती. बेडरूमचे दोन्ही डक्ट मात्र अगदी ठीक. बोट फिरवलं तर जेमतेम धूळ लागली. म्हणजे काम खरोखर करायचं होतं, पण ते एका डक्टचं, पोकळीचं आणि इन्सुलेशनचं. कोटेशन होतं सगळ्या घराचं आणि त्यात इन्सुलेशनचा शब्दही नव्हता.

अमेरिकेत घराघरांत डक्ट असतात, थंडीत गरम हवाही त्यातूनच येते. तिथे हा धंदा जुना आहे. १९८९ साली या व्यावसायिकांची नाडका नावाची संघटनाही स्थापन झाली. त्याच देशाची पर्यावरण संस्था, ईपीए, काय सांगते? ठरावीक काळाने सरसकट डक्ट साफ करा असं ती सांगत नाही, गरज असेल तेव्हा करा म्हणते. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, हेही ती स्पष्ट लिहिते. गरज कधी, तर डक्टच्या आत किंवा यंत्रणेच्या इतर भागांवर बुरशी डोळ्यांना भरपूर दिसत असेल, उंदीर किंवा किडे घुसले असतील, किंवा धूळ आणि कचऱ्याने डक्ट इतका तुंबला असेल की जाळीतून कण खोलीत पडतात. घरात कुणाला डक्टमुळेच त्रास होतो अशी शंका असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, असंही तिचं म्हणणं आहे. जिथे जवळपास सगळं घर डक्टवर चालतं तिथे हा सल्ला असेल, तर आपल्याकडे दर वर्षी करायलाच हवं असं सांगणाऱ्याला कारण विचारायला हरकत नाही.

आपल्या मुंबईच्या म्हणून काही गोष्टी मी यात घालेन. उंदीर. तळमजल्यापासून केबलच्या शाफ्टने ते कुठल्याही मजल्यावर पोहोचतात, आणि फॉल्स सीलिंगमध्ये रात्री खुडबुड होत असेल, लेंड्या दिसत असतील, तर ते काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. आधी पेस्ट कंट्रोल, मग वाट बुजवणं, मग सफाई. कबुतरं. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून एवढं रान पेटलं, त्यात फुप्फुसाच्या आजाराचा मुद्दा खराच होता. कबुतरांची विष्ठा आणि पिसं यांच्या धुळीने काही जणांना फुप्फुसाचा गंभीर ॲलर्जिक आजार होतो. तुमच्या एसीला बाहेरची ताजी हवा घेणारं तोंड असेल आणि त्या कठड्यावर कबुतरांनी घरटं केलं असेल, तर वाट पाहू नका. शेजारचं बांधकाम. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली, उंच पत्रे लावा, पाणी मारा म्हणून, पण आजूबाजूला पुनर्विकास चालू असलेल्या घराला विचारा, खिडकीच्या पट्टीवर संध्याकाळपर्यंत काय साठतं ते. अशा घरात फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो. फिल्टर वेळेवर धुतला तर डक्टपर्यंत फारसं काही जातच नाही.

आता ज्या खुणांनी माणसं उगाच घाबरतात त्याही सांगते. जाळीच्या कडेने छतावर काळे पट्टे उठतात. ती बहुतेक वेळा बुरशी नसते आणि डक्टमधूनही आलेली नसते. आपल्या घरात देवापुढे धूप, उदबत्ती, कापूर असतो, रात्री डासांची कॉइल, शिवाय स्वयंपाकघरातली फोडणी. त्याची काजळी खोलीत तरंगते, थंड कडेपाशी वळते आणि तिथे चिकटते. कोरड्या फडक्याने पुसून निघाली आणि कुबट वास नसेल तर जाळी धुवून लावा, झालं. दुसरी खूण म्हणजे एसी लावल्यावर पहिली पाच मिनिटं येणारा वास. त्याचं मूळ जास्त वेळा कॉइल आणि ट्रेमध्ये असतं. ड्रेन पाइप शेवाळाने चोक झाला की ट्रेमध्ये पाणी साचतं आणि ब्लोअर त्यावरूनच हवा फेकतो. कॉइल, ट्रे आणि ड्रेनची नीट सर्व्हिसिंग करून घ्या, खर्च डक्टच्या कामापेक्षा कितीतरी कमी येतो. वास गेला तर डक्टला हात लावायची गरज नाही. त्यानंतरही वास राहिला, तर मात्र जाळी उघडायचीच.

विक्री करणारे कधीकधी लिजिओनेअर्स या गंभीर न्यूमोनियाच्या आजाराचं नाव घेतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांमध्ये ही साथ आली होती आणि माणसं दगावली होती, हे खरं. पण हा आजार करणारा जिवाणू पाण्यात वाढतो आणि त्या साथीत बोट दाखवलं गेलं ते इमारतीच्या कूलिंग टॉवरकडे, म्हणजे मोठ्या एसी यंत्रणेचं पाणी थंड करणाऱ्या टॉवरकडे. आपल्या फ्लॅटमधल्या डक्टेबल युनिटला कूलिंग टॉवर नसतो. म्हाताऱ्या माणसांसमोर असलं नाव घेऊन पैसे काढणं मला अत्यंत वाईट वाटतं. अशा वेळी घरातल्या मुलांनी पुढे होऊन बोलावं.

काम करून घ्यायचंच ठरलं तर ते कसं होतं ते उभं राहून बघा. चांगली माणसं आधी येऊन कॅमेऱ्याने आतलं दाखवतात. मग फर्निचर झाकतात, डक्टला एका टोकाला मोठं व्हॅक्यूम लावून आतली हवा ओढत ठेवतात, म्हणजे सुटलेली धूळ खोलीत न येता मशिनकडे जाते, आणि दुसरीकडून ब्रश किंवा हवेच्या झोताने आतला थर सोडवतात. व्हॅक्यूमची हवा घरातच सुटणार असेल तर त्याला हेपा फिल्टर हवा, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. डक्टबरोबर ब्लोअर, कॉइल, ट्रे, जाळ्या आणि परतीची पोकळी हे सगळं त्या कामात यायला हवं. तुमचे डक्ट लवचिक असतील तर फिरता ब्रश त्यांना फाडू शकतो, हे आधी विचारा. आतून फायबर ग्लासचं अस्तर असेल आणि ते भिजून बुरशीलं असेल तर ते धुऊन सुधारत नाही, काढून नवीनच लावावं लागतं. आणि ओल कुठून येते ते शोधून बंद केल्याशिवाय केलेली सफाई पुढच्या जुलैपर्यंतच टिकते.

फवारणीला मी तरी नाही म्हणेन. २०२० नंतर सॅनिटायझर फॉगिंग म्हणून डक्टमध्ये सुगंधी औषध मारायची टूम निघाली. ईपीए अशा रसायनांबाबत सावध राहायला सांगते. मारलेलं सगळं शेवटी आपणच श्वासात घेतो आणि धूळ तर जागच्या जागी राहते. त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्याकडच्या इश्रे या एसी क्षेत्रातल्या अभियंत्यांच्या संस्थेने जो सल्ला दिला होता, तो मला आजही जास्त पटतो: तापमान २४ ते ३०, आर्द्रता ४० ते ७० टक्के आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. घरातले बहुतेक एसी तीच ती हवा फिरवतात. सकाळी तासभर खिडक्या उघडून, पंखा लावून बाबांना बसू द्या. त्यांचा खोकला डॉक्टरांना दाखवा.

ज्यांच्या घरी सध्या इंटिरिअरचं काम चालू आहे, त्यांना एक विनंती. पीओपी आणि घासकाम सुरू व्हायच्या आधी डक्टची सगळी तोंडं जाड प्लास्टिक आणि टेप लावून बंद करून घ्या, काम संपेपर्यंत एसी अजिबात चालवू देऊ नका, आणि युनिटच्या खाली माणूस खांद्यापर्यंत आत जाईल एवढं ट्रॅपडोअर ठेवायला लावा. 'दिसायला खराब दिसतं' म्हणून इंटिरिअरवाला ते लहान करायला बघेल. ऐकू नका.