ज्या प्रयोगात कोणी कोणाला भेटलेच नाही

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लघुउद्योजकांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो : "संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55 टक्के असतो, म्हणून व्हिडिओ बैठकीत व्यवहार ठरवू नका, समोरासमोरच बसा." रबाळ्यात यंत्रांचे सुटे भाग बनवताना मीही तो अनेकदा ऐकला आहे आणि तो मला घातक वाटतो.

हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसह 1967 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन प्रयोगांवरून आले. त्यांत ध्वनिमुद्रित सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, एका प्रयोगात चेहऱ्यांची छायाचित्रेही दाखवून, बोलणाऱ्याच्या मनातील आवड-नावड ओळखायला सांगितले होते. आकडे भावनांपुरतेच आहेत, हे मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केले आहे. मालाचा दर, ड्रॉइंगमधील टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि डिलिव्हरीची तारीख शब्दांनी आणि अंकांनीच ठरते.

शिवाय त्या प्रयोगांत समोरासमोर भेट नव्हतीच. 55 टक्के हा वाटाही चेहऱ्याचा आहे, संपूर्ण देहबोलीचा नाही. आणि चेहरा व आवाज तर व्हिडिओवरही पोहोचतात.

मग दोन्ही बैठका सारख्याच का? नाही, आणि खरा फरक या संदेशामुळेच झाकला जातो. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेव्हाव यांनी 2022 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलेल्या अभ्यासात, ज्यात भारतासह पाच देशांतील अभियंतेही होते, व्हिडिओवर बोलणाऱ्या जोड्यांना नव्या कल्पना कमी सुचल्या. सुचलेल्यांपैकी एक निवडण्यात मात्र त्या मागे पडल्याचे आढळले नाही. कारण त्यांनी असे दिले की नजर पडद्याला खिळली की विचारांचाही पल्ला आखडतो.

म्हणून वागळे इस्टेटमधील ग्राहकाशी तारखा आणि ठरलेले बदल मी व्हिडिओवरच बोलतो. त्यासाठी विटावा-कळव्याच्या कोंडीत अर्धा दिवस घालवणे मला पटत नाही. नवा फिक्स्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारा साचा) आखायचा असेल किंवा माल रिजेक्ट झाला असेल, तर मात्र मी तो भाग बरोबर घेऊन जातो, कारण कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, बोट फिरवूनच कळते आणि व्हर्नियर हे माप घेण्याचे साधन दोघांनी एकाच टेबलावर लावून पाहिले की मापाचा वाद तिथेच मिटवता येतो.