आधी आदराचे नियम वाचतात, मग माइक बंद करतात

काल रात्रीपासून डोकं फिरलंय माझं. इंटरनेटचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवायचे म्हणून जे वर्किंग ग्रुप असतात त्यातल्या एकाचा कॉल होता, वेळ 20:00 युटीसी, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड, नेहमीसारखाच. सुरुवातीला स्लाइड लावून आचारसंहिता वाचून दाखवली, सगळ्यांचं ऐकून घ्या, सभ्यपणे बोला, देश वय लिंग यावरून भेदभाव नको. आणि अर्ध्या तासात नागपूरच्या मॅडमचा असा पाणउतारा केला की मला नंतर झोपच लागली नाही.

मॅडम आयुष्यभर मराठी शिकवून रिटायर झाल्यात. विषय देवनागरी डोमेनचा, म्हणजे वेबसाइटचे पत्ते देवनागरीत लिहायचा. त्या एवढंच सांगत होत्या की दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या, रूट झोनमध्ये, म्हणजे .com, .भारत अशा शेवटच्या भागांच्या मूळ यादीत, झेडडब्ल्यूजे हे जोडाक्षराचं रूप बदलणारं अदृश्य चिन्ह चालत नाही, म्हणून तिथे ऱ्या लिहायचा तर नुक्तावाला, खाली टिंब असलेला ऱ लागतोच, दिसायला र सारखा आहे म्हणून तो उडवू नका. दोन मिनिटं दिली होती त्यांना. एक मिनिटही झालं नसेल तर एक जुना मेंबर हात वर न करता मध्ये घुसला, "हे आधीच झालंय, आर्काइव्ह (जुन्या चर्चांची नोंद) वाचा". मॅडम "जस्ट वन सेंटेन्स" म्हणाल्या तर चॅटमध्ये कुणीतरी डोळे फिरवणारा इमोजी टाकला आणि त्यावर धडाधड लाइक. चेअर म्हणाला, "इन द इंटरेस्ट ऑफ टाइम" पुढे जाऊ. मॅडमचा माइक म्यूट. आणि मग ज्यानं मध्येच तोडलं तोच माणूस पंधरा मिनिटं बोलत बसला, तेव्हा कुणालाच टाइम आठवला नाही!

मी चॅटमध्ये लिहिलं की हे आचारसंहितेत बसत नाही. उत्तर आलं, कुणी अपशब्द वापरला नाही. अरे, शिवी दिली तरच अपमान होतो का? माणसाला अर्ध्या वाक्यात तोडणं, हसणं, त्याची वेळ दुसऱ्याला देऊन टाकणं हे काय असतं मग?

आणि हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. या ग्रुपात मतदान नसतं, कन्सेन्सस (सर्वसहमती) असतो, म्हणजे चेअरला जे ऐकू येतं त्यावर निर्णय. ज्याला बोलूच दिलं नाही त्याची हरकत नव्हतीच असं मिनिट्समध्ये (बैठकीच्या लेखी वृत्तांतात) जातं. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या 2014 च्या आरएफसी 7282 या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक हरकत मान्य करायची गरज नाही पण तिची दखल घेऊन उत्तर दिलंच पाहिजे. त्याच वर्षीच्या आरएफसी 7154 मध्ये हेही आहे की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी जरा सावकाश बोलावं, स्लँग कमी वापरावी. वाचलंय कुणी? जीएनएसओ, सीसीएनएसओ, एएलएसी अशी आयकॅनमधल्या (डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेतल्या) गटांची लघुनावं धाडधाड बोलत सुटतात आणि नवीन माणसानं एकदा विचारलं की सुस्कारे टाकतात. आयकॅनच्या मोठ्या मीटिंगला एरवी संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत दुभाषे असतात, आपली भाषा त्यात नाही, मग निदान आपल्या इंग्रजीला तरी हसू नका ना. आणि ते "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट"! या शब्दांनी सुरू झालेल्या वाक्यात आदर मी आजवर ऐकलेला नाही, ते ऐकलं की माझ्या कपाळावरची शीरच उडायला लागते.

2005 साली ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेत सरकारं, खाजगी क्षेत्र आणि नागरी समाज आपापल्या भूमिकेतून इंटरनेटचा हा कारभार चालवतील असं ठरलं. त्यातले सरकारवाले आणि कंपनीवाले पगारावर येतात, ऑफिसच्या वेळेत बोलतात. मॅडमसारखी माणसं स्वतःच्या खर्चानं, स्वतःची झोप मोडून येतात, आणि वेळ वाचवायची म्हटली की पहिली कात्री यांनाच.

तक्रार करायची म्हटली तर कुठे? आयकॅनमध्ये निदान ओम्बुड्समन, म्हणजे तक्रारी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी आहे. आमच्या ग्रुपात तक्रार चेअरकडे, म्हणजे ज्यानं म्यूट केलं त्याच्याचकडे! तरी मी रात्रीच मेल टाकलाय. प्रत्येकाची बोलायची वेळ मोजा आणि ती मिनिट्समध्ये छापा, मध्ये घुसणाऱ्याला म्यूट करा, कुणाला थांबवलं आणि का ते नावासकट लिहा, आणि तक्रार ऐकायला ग्रुपबाहेरचा माणूस नेमा.

सकाळी मॅडमचा मेसेज आला, "जाऊ द्या हो, मी आता येत नाही." त्या गेल्या तर त्या ग्रुपात मराठी वाचता येणारं दुसरं कोण उरतं ते चेअरनं मला नाव घेऊन सांगावं.