परवा, पाच-साडेपाचला

आमची सोसायटी नौपाड्यात. विंगा दोन, गच्च्या दोन, सेक्रेटरी एक. तो मी. त्या वर्षीच्या सभेला मी एका लग्नासाठी कोल्हापूरला गेलो होतो आणि गैरहजर माणसाला आमच्याकडे बिनविरोध निवडून देतात.

नोकरी ऐरोलीला. सकाळी ठाण्याच्या दहा नंबरवर ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची आणि उतरेपर्यंत सोसायटीचे मेल वाचायचे, हा शिरस्ता. आमचे सभासद बहुतेक रिटायर्ड. मेल लिहितात ते पोस्टकार्डासारखे, आणि प्रत्येक उत्तराखाली आधीचे सगळे मेल मारुतीच्या शेपटासारखे लोंबत असतात. 'गच्चीची गळती' या विषयाचं शेपूट २०२३ पासून वाढतंय.

माझी दशा बघून भाच्याने फोनमध्ये एक एआय बसवून दिलं. "मामा, हे मेल वाचतं, त्यातली तारीख, वेळ, जागा, माणसं वेचतं आणि कॅलेंडरात टाकतं. तू फक्त जायचंस."

आता, कॅलेंडरं एकमेकांशी आयकॅलेंडर नावाच्या बोलीत बोलतात. ती ठरली १९९८ साली. सुरू कधी, संपणार कधी, एकदाच की पुन्हापुन्हा, येणार कोण, असं सगळं तिच्यात चोख सांगता येतं. 'बघू' मात्र सांगता येत नाही. आणि आमच्या सोसायटीचा कारभार त्या एका शब्दावर चाललेला.

पहिल्याच आठवड्यात मेल आला : 'परवा वॉटरप्रूफिंगवाला. गच्चीची चावी कुणाकडे?' एआयने शनिवारी सकाळी अकराची नोंद केली. मी चावी घेऊन तासभर उन्हात उभा. मग कळलं, वॉटरप्रूफिंगवाला परवा येऊन गेला होता, चावी न मिळाल्याने परत गेला होता, आणि त्या मेलात मला विचारलं नव्हतं, झापलं होतं. मागचाही परवा आणि पुढचाही परवाच, ही सोय आपण कुणासाठी करून ठेवली आहे देव जाणे.

बुधवारी कोणीतरी लिहिलं, 'आठ दिवसांनी बसू.' बिचाऱ्या एआयने प्रामाणिकपणे आठ मोजले आणि गुरुवार काढला. आपल्या आठ दिवसांत सातच असतात आणि पंधरा दिवसांत चौदा, हे त्याला कोण सांगणार? कमिटी बुधवारी बसली, मी गुरुवारी.

'गणपतीनंतर बघू' हे खजिनदारकाकांचं आवडतं वाक्य. २०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणून एआयने २८ तारीख धरली. खजिनदारांचा गणपती दहा दिवसांचा. पण ते सोडा. गणपतीनंतर पितृपक्ष लागतो, मग नवरात्र, मग दिवाळी. हा सभ्य नकार आहे, तो कुठल्या रकान्यात भरणार?

वार्षिक सभेच्या नोटिशीने तर त्याचा पार गोंधळ उडवला. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस १४ दिवस आधी काढावी लागते. नोटिशीच्या तळाशी नेहमीचं वाक्य : गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल. एआयने दोन सभा नोंदवल्या, दहाची आणि साडेदहाची, आणि विचारलं, 'या दोन सभा एकमेकींवर येत आहेत. एक रद्द करू का?' मोह झाला. दहाची खोटी आणि साडेदहाची खरी, हे आमच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. साडेदहाच्या आधी तो खुर्च्या मांडत नाही.

इथवर सगळं माझ्यापुरतं होतं. मग खजिनदारांनी बी विंगमधल्या एका काकांबद्दल लिहिलं. गळती थांबत नाही म्हणून त्यांनी मेंटेनन्स थांबवलेला. 'दर रविवारी पाच-साडेपाचला मोकळेच असतात. तुमच्याकडे बोलवून शांतपणे बोला.'

एआयने 'पाच-साडेपाच' म्हणजे पाच ते साडेपाच असं धरलं. 'दर रविवारी' म्हणजे दर रविवारी. त्या काकांचा २०२३चा तक्रारीचा मेल शेपटात होताच, तिथून त्यांचा पत्ता उचलला. आणि भाच्याने 'पाहुण्यांना आपोआप कळवा' इथे टिचकी मारून ठेवली होती. आमंत्रण गेलं : 'विषय – थकबाकी. सूचना – शांतपणे बोलणे.'

मला कळलं ते गाडीत, दिघ्याला. फोन टुणकन वाजला. काकांनी स्वीकारलं होतं.

गोखले रोडवरून 'दोन मिनिटांत पोचतो' म्हणणारा माणूस अर्ध्या तासाने उगवतो, अशा गावात रविवारी बरोबर पाचला बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, बगलेत प्लॅस्टिकची फाइल.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा रीतसर बोलावलंत," ते म्हणाले. "शांतपणे असं लिहिलंयत म्हणून एकटाच आलो. नाहीतर हिला आणणार होतो."

फाइलमध्ये त्यांच्या छताच्या डागांचे फोटो. प्रत्येकामागे तारीख, पेन्सिलीने. डाग आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. पहिल्या पावसाळ्याचा सहावा फोटो चालू असताना माझा फोन वाजला. साडेपाच. काकांनी चष्मा काढला, फाइलचं बटण टप्पकन लावलं.

"वेळ झाली. उरलेलं पुढच्या रविवारी." त्यांनी सगळेच रविवार स्वीकारले होते.

भाच्याला म्हटलं, हे काढून टाक. तो म्हणाला, "काढतो, पण त्यांना 'रद्द' असा मेल जाईल."

पाच रविवार झाले. आता आम्ही २०२४च्या जुलैपर्यंत आलोय. डाग पंख्याजवळ पोचलाय. थकबाकीचा विषय निघालेला नाही, साडेपाच वाजतात. परवा काकांनी येताना आल्याची वडी आणली होती. उद्या रविवार. बायकोने दूधवाल्याला अर्धा लिटर जास्तीचं सांगून ठेवलंय.