हळदी-कुंकू, पाच बाय आठ फूट

रविवारी वाटीभर वरण आमच्या नव्या गालिच्यावर उलटलं. कुणाच्या हातून, ते सांगून घरातली शांतता मोडायची नाही. गालिचा पाच बाय आठ फूट, रंग साईचा. दोन पोरं आणि रोजचा वरणभात असलेल्या घरात साईच्या रंगाचा गालिचा आणणाऱ्या माणसाची बाजू मी घेत नाही, तो मीच.

तरी तेव्हा सगळं हातात होतं. चमच्यानं वरण उचलायचं. कोरडं पांढरं फडकं नुसतं दाबायचं, डागाच्या कडेकडून आत यायचं. तेलकटपणा ओढून घ्यायला मूठभर कॉर्नफ्लॉवर पसरून दोनेक तास ठेवायचं. मग वाटीभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर, तेही टिपून टिपून. घासायचं नाही, आणि साबण तर नाहीच. एवढी उजळणी होईतो उघड्या दारातून शेजारच्या काकू आत. हातात धुण्याचा साबण आणि ब्रश.

"सरक रे, तुला नाही जमायचं."

"काकू, साबण नको."

"चाळीस वर्षं संसार केलाय मी."

आणि त्या चाळीस वर्षांचा जोर लावून घासलं. पिवळा डाग बघता बघता लालभडक. काकू दचकल्या. ब्रश पाहिला, स्वतःची बोटं तपासली, मग माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "कुणाला लागलं का रे?"

"हळद आहे काकू. साबणात खार असतो, त्यानं हळद लाल होते. हळदीचं कुंकू असंच करतात, चुना लावून."

काकूंचा चेहरा उजळला. "अगंबाई! म्हणजे शुभच झालं की!" त्यांनी चक्क हात जोडले. मग माझ्याकडे वळून, "तूही जोड." जोडले. साबणाच्या फेसाला.

चुना मात्र मला आधीच लागला होता, प्रदर्शनात. 'बांबू सिल्क' म्हणाला विकणारा. मी सिल्क तेवढं ऐकलं. बांबूचा लगदा करून काढलेलं ते व्हिस्कोस. चकाकतं झकास, पण ओलं झालं की धाग्याची ताकद निम्म्यावर येते, लव चपटी होते ती पुन्हा उभी राहत नाही. दोन धागे उपटून जाळले असते तरी कळलं असतं: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, व्हिस्कोस कागदासारखं जळतं, प्लॅस्टिकच्या धाग्याची टणक गोळी होते. पण भर प्रदर्शनात काडी कोण ओढणार? निदान उलटा करून तरी बघायचा. हातानं गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही दिसते. माझ्या गालिच्याला मागून कापड चिकटवलेलं, म्हणजे टफ्टेड: धागे गाठी न मारता नुसते टोचून गोंदानं धरलेले. आतला लॅटेक्स, म्हणजे तो रबरी गोंद, काही वर्षांनी वाळतो आणि गालिचा उचलला की खाली पिठासारखी भुकटी सापडते. बनियनवरसुद्धा धागा कुठला ते छापलेलं असतं. माझ्या गालिच्यावर नुसतं 'प्रीमियम'. याचा राग अजून गेलेला नाही.

खरं तर वर्दळीच्या घराला जाड सुती सतरंजी. लवच नाही, तर चपटी काय होणार? दोन्ही बाजूंनी वापरा, खाली रबरी जाळी टाका म्हणजे सरकत नाही. फारच हौस असेल तर बुटक्या लवेची लोकर, विटकरी, भरगच्च नक्षीची. वरण सांडलं तर शोधत बसावं लागेल. सहा महिन्यांनी दाराकडची बाजू खिडकीकडे फिरवायची, म्हणजे एकाच वाटेवर झिजत नाही. पण सतरंजी म्हटलं की आपल्याला कार्यालयातली पंगत दिसते, आणि आपल्याला तर 'इंटिरिअर' करायचं असतं.

आता उरला उपाय एकच, ऊन. व्हिनेगरनं लाल पुन्हा पिवळं होतं, आणि हळदीचं पिवळं उन्हात उडतं. आमच्या गच्चीवर ऊन रग्गड आहे. गच्चीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी म्हणजे काकूंचे यजमान. काल मागायला गेलो. दार काकूंनीच उघडलं. मी कारण सांगितलं.

"कुंकू पुसायला किल्ली मागतोस?"