सन व्हायजरात प्लाय घालू नका

भाऊबीजेला सांगलीला माहेरी गेले होते. दादा स्टँडवर गाडी घेऊन न्यायला आला. पुढे वहिनी, तिच्या मांडीवर सहा वर्षांची पुतणी, मागे मी. समोरून ऊन आलं तसा वहिनीनं व्हायजर, म्हणजे पुढच्या काचेच्या वरची ऊन अडवायची झडप, खाली ओढला आणि तो दाराची फळी आपटावी तसा खट्‌कन वाजला. व्हायजर असा वाजत नाही. घरी पोचल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी मी तो चाचपून बघितला. वरून नवं करडं रेक्झिन, आत टणक लाकूड, आणि खालच्या कडेला माझ्या बोटात टोचलेलं स्टेपलरच्या पिनेचं टोक.

दादानं मोबाइल पुढे केला. 'शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत, 50 रुपयांत सन व्हायजर नवा करा' असा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा फिरलाय. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: आतला कुजलेला फोम आणि सगळा गाभा फेकून द्या, तिथे प्लायवूड नाहीतर पत्रा कापून बसवा, 'जन्मात वाकणार नाही'. पिवळं स्टिकर विद्रूप दिसतं, ते रेक्झिनखाली जाऊ द्या. शिवत बसू नका, रबर सोल्यूशननं चिकटवा. व्हायजर ढिला होऊन खाली लोंबत असेल तर दांड्यात फेविक्विक सोडा. डाग पेट्रोलनं पुसा. आणि एवढं करायचं नसेल तर काचेच्या वरच्या भागाला काळी फिल्म लावून मोकळे व्हा.

दादा इंजिनिअर आहे, तरी त्यानं हे केलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवात प्लाय आणि पत्र्यापासून, कारण बाकी सगळ्यात फार तर गाडी खराब होईल, इथे डोकं फुटेल. व्हायजर कुठे असतो बघा. पुढे बसलेल्या माणसाच्या कपाळापासून हात-दीड हातावर. जोराचा ब्रेक लागला, गाडी समोर धडकली, बेल्ट नसला किंवा सैल असला, की डोकं पुढे जातं ते त्याच दिशेनं. म्हणून व्हायजर मऊ करतात. हाताला छान लागावा म्हणून नाही. अमेरिकेत 1968 पासून मोटारींना लागू असलेलं 201 क्रमांकाचं सुरक्षा मानक यावर अगदी स्पष्ट आहे: पुढच्या दोन्ही बाजूंच्या सीटसमोर व्हायजर हवा, आणि तो धक्का शोषणाऱ्या पदार्थाचा बनवलेला किंवा तशा पदार्थानं मढवलेला हवा. तो ज्यावर बसवतात त्या भागाचीही अट आहे. 165 मिलिमीटर व्यासाचा गोल, म्हणजे साधारण माणसाच्या डोक्याएवढा, तिथे टेकवला तर त्याला लागेल अशी कुठलीही कडक कड 3.2 मिलिमीटरपेक्षा कमी गोलाईची नसावी. आता चार मिलिमीटर प्लायची करवतीनं कापलेली कड डोळ्यांपुढे आणा. पत्र्याची कड तर सुरीच.

'तो अमेरिकेचा कायदा, आपल्याला काय' असं दादा म्हणालाच. कायदा तिकडचा असेल, कपाळाचं हाड इकडचंही तेवढंच कडक. आणि गाडीच्या आतल्या भागांसाठी आपल्याकडेही एआयएस-047 हे मानक आहे. गाडी बनवणारे गाभ्यासाठी फुगवलेल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा हलका ठोकळा किंवा पातळ प्लास्टिकचं पोकळ कवच वापरतात, कडेनं तारेची चौकट फिरवतात, वर पातळ फोम आणि कापड किंवा रेक्झिन घालतात. डोकं आदळलं की हा गाभा दबतो, आणि तो दबावा म्हणूनच तिथे असतो. जो 'जन्मात वाकणार नाही' तो व्हायजर नव्हेच.

आता स्टिकर. हे वाचताना मला खरोखर राग आला. दादाची गाडी 2016 ची, पुढे दोन एअरबॅग असलेली. प्रवाशाच्या व्हायजरवरचं ते पिवळं स्टिकर सांगतं की समोर एअरबॅग आहे, तेव्हा मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट इथे लावू नका. 1990 च्या दशकात अमेरिकेत साध्या, एरवी जीव वाचला असता अशा अपघातांत एअरबॅगच्या तडाख्यानं लहान मुलं गेली. त्यानंतर 1996 मध्ये तिथे ठळक इशाऱ्याचा नियम आला. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत तर हा इशारा व्हायजरच्या दोन्ही बाजूंना हवा असं आहे, म्हणजे व्हायजर वर असो वा खाली, एक तरी दिसावा. आपल्याकडे चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली आणि 2021 मध्ये शेजारच्या सीटचीही. म्हणजे आता घरोघरी ही स्टिकरं आहेत, आणि हा मेसेज ती झाकायला सांगतोय. आमच्या घरात स्टिकर रेक्झिनखाली गेलं होतं आणि त्याच सीटवर पोर मांडीवर बसत होती. मांडीवरचं मूल म्हणजे एअरबॅग आणि आईच्या मधे सापडलेलं मूल. वहिनीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. जे सांगायला होतं ते झाकून टाकलं.

फेविक्विकचं उत्तर एका वाक्यात देता येतं: व्हायजर बाजूच्या काचेकडेही वळावा लागतो. पुण्याहून साताऱ्याकडे संध्याकाळी गाडी चालवा, सूर्य चालकाच्या उजव्या खिडकीतून थेट डोळ्यात येतो. दांडा चिकटवलात तर त्या वेळी जोर लावाल आणि छताजवळचा प्लास्टिकचा बूड तुटेल. ढिलेपणाचं कारण आत असतं. दांड्याला एक स्प्रिंगची पट्टी धरून ठेवते, ती वर्षांनुवर्षं उघडझाप होऊन सैल होते. गाभा उघडलाच आहे तर ती काढून पक्कडीनं जराशी दाबा. जराशीच, जास्त दाबली तर तडकते.

रबर सोल्यूशनबद्दल: एका थर्माकोलच्या तुकड्यावर थेंब टाकून बघा. बघता बघता खड्डा पडतो. काही व्हायजरांचा गाभा तसाच असतो. आणि नुसत्या चिकटवण्यावर विसंबलात तर मे महिन्यात नागपुरात बंद गाडी उन्हात उभी राहिली की कडा सुटणार, कारण व्हायजर काचेच्या अगदी लगत असतो आणि रेक्झिन आक्रसतं. पेट्रोलची वाफ बंद गाडीत कोंडू नये हे सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. काळ्या फिल्मचं तर सर्वोच्च न्यायालयानं 27 एप्रिल 2012 लाच स्पष्ट केलंय. तेव्हा वरून फिल्म चिकटवायलाच मनाई झाली, आणि पुढच्या काचेतून 70 टक्के प्रकाश आत यायला हवा ही अट आजही आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करते, नाइलाजानं का होईना. घरी व्हायजर मढवता येतो, आणि बहुतेक ठिकाणी नुसतं कव्हर मिळत नाही, अख्खा भाग घ्यायला सांगतात, हेही खरं. मी माझ्या गाडीचा चालकाकडचा व्हायजर दोन वर्षांपूर्वी स्वतः मढवलाय. आरशाजवळ दिवा असेल तर आधी बॅटरीची वायर काढा. दोन स्क्रू सोडले की व्हायजर हातात येतो. कडेची शिवण ब्लेडनं हळूच उसवा, फाडू नका, कारण जुनं कव्हर हाच तुमचा फर्मा. ते कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखा, शिलाईला एक सेंटिमीटर माया सोडा. कापड रूफ लायनिंगचं, म्हणजे गाडीच्या छताला आतून लावतात ते, पाठीला पातळ फोम लावलेलंच घ्या, कुशनवाल्याकडे मीटरवर मिळतं. जाड रेक्झिन घेतलंत तर व्हायजर क्लिपमध्ये बसत नाही. उलट्या बाजूनं पॉलिस्टर दोऱ्यानं तीन कडा शिवा, दांड्याकडची चौथी मोकळी ठेवा, सुलट करून गाभ्यावर चढवा. उशीचा अभ्रा चढवतो तसंच. कोपऱ्याची माया आधी थोडी कातरली नाही तर तिथे गाठोडं होतं. माझं पहिल्या वेळी झालं. मग मोकळी कड बाकदार सुईनं हातशिलाईनं बंद करा. पिना आणि खिळे कुठेच नकोत. आतला फोम भुगा झाला असेल तर तो झाडून नवा तीन मिलिमीटरचा फोम लावा, पण गाभा आणि तारेची चौकट मूळचीच ठेवा. गाभाच मोडला असेल तर घरचं काम तिथे संपलं, नवीन व्हायजर घ्या.

इशाऱ्याचं स्टिकर असलेल्या व्हायजरला मी हात लावत नाही. तो मळला तर पुसते, फाटला तर कंपनीचा इशारा छापलेला अख्खा भाग मागवते. चारशे-पाचशे जास्त गेले तरी चालतील.

दादानं दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही व्हायजर काढले. प्लायचा तुकडा मी अंगणात काढून ठेवला, त्यावर सतरा पिना मोजल्या. चालकाकडच्याचा मूळ गाभा त्यानं सुदैवानं माळ्यावर टाकला होता, तो मिळाला, आणि आईच्या मशिनवर दुपारपर्यंत कव्हर शिवून झालं. प्रवाशाकडचा नवीन मागवलाय, तो यायला आठवडा लागेल. तोवर पुतणी मागे बसतेय, बेल्ट लावून, आणि नवा व्हायजर आल्यावरही मागेच बसणार असं वहिनीनं सांगितलंय.